ग्रामसभेला जाण्याआधी मतदारयादी उघडा

पाखाडी

मे महिन्यात कोकणातली गावं भरतात. लग्नं, पूजा, घरांची डागडुजी, आंब्यांच्या पेट्या. त्याच दिवसांत आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा येते, कारण ती वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते. गावच्या कारभारावर एरवी वर्षभर बोलणारी माणसं नेमकी या सभेला तयारीविना जातात. म्हणून हा धागा. माहीत असेल ते नेमकं लिहा. कलम, मुदत, कागद आणि कुठे अडतं, एवढं आलं तरी पुष्कळ.

सुरुवात मुळापासून करतो. ग्रामसभा म्हणजे गावात राहणाऱ्या सगळ्यांची सभा नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ प्रमाणे पंचायत क्षेत्रातल्या गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत त्यांची ती सभा. नाव यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. मग निवडणुकीला उभे राहा, नाहीतर आयुष्यभर एकही पद घेऊ नका.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा. प्रथेने त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवसांच्या आसपास होतात. पुरेशा कारणाशिवाय सभा घेतली नाही तर सरपंच, आणि त्यांच्या गैरहजेरीत जबाबदारी असलेले उपसरपंच, पदावर राहण्यास अपात्र ठरू शकतात. कारण पुरेसं होतं की नाही ते जिल्हाधिकारी ठरवतात. कलम कडक आहे, पण तक्रार लेखी नसेल तर ते हलत नाही.

साध्या सभेची सूचना सात दिवस आधी, विशेष सभेची चार दिवस आधी. सूचनेवर विषय हवेत. तुमचा विषय घ्यायचा असेल तर सूचना निघण्याआधीच अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. 'आयत्या वेळच्या विषयांत घेऊ' असं सांगितलं की विषय शेवटी जातो, आणि शेवटाला निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तो आकडा. ४०० मतदारांच्या गावाला ६० माणसं लागतात. ६६७ च्या वर मतदार असले की १०० पुरतात. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, मात्र तिच्यात नवा विषय घेता येत नाही. तहकूब सभेकडे दुर्लक्ष करू नका. मोठ्या खर्चाचे विषय थोड्या माणसांत मंजूर होतात ते इथेच.

पहिल्या सभेत पंचायतीने कलम ८ प्रमाणे गेल्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची शेवटची टिपणी मांडायची असते. 'लेखापरीक्षणाची टिपणी वाचा' एवढं एक वाक्य उभं राहून बोलायला धीर लागतो, पण ते बोलाच. त्या टिपणीतले आक्षेप गावासमोर एकदा मोठ्याने वाचले गेले की पुढच्या सभेत त्यांचं काय झालं हे विचारता येतं.

आता इतिवृत्ताची वही. सभा संपताना ती जवळून पाहा. ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक, मजकूर, 'सर्वानुमते' की 'बहुमताने', आणि खाली सही. शेवटचा ठराव आणि सही यांच्यामध्ये पाच-सहा ओळी कोऱ्या सोडलेल्या दिसल्या तर तिथल्या तिथे तिरपी रेघ मारायला सांगा. हजेरीच्या पानावरही शेवटच्या सहीखाली रेघ आणि अंकी-अक्षरी एकूण संख्या हवी. ते पान सभेनंतर घरोघर फिरवून सह्या घेणं चूक आहे. हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती नव्हे. विरोध असेल तर नाव घालून विरोध नोंदवायला लावा, नाहीतर कागदावर तुम्ही 'सर्वानुमते'त जाता.

तांबडी_माती

चांगला धागा. कोकणातली मोठी अडचण मात्र वेगळी आहे. घर गावात, माणूस मुंबईत. घरपट्टी आपण भरतो, गणपतीला घर उघडतो, वाडीच्या पाण्याच्या योजनेला वर्गणी देतो. मग ग्रामसभेत हात वर करायचा हक्क का नाही? आणि ज्यांची नावं दोन्हीकडे आहेत त्यांनी काय करायचं?

पाखाडी

@तांबडी_माती, सरळ उत्तर देतो, काहींना आवडणार नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ प्रमाणे मतदार व्हायला त्या मतदारसंघात 'सर्वसाधारणपणे राहणारा' असावं लागतं. कलम २० म्हणतं की तिथे घर आहे एवढ्याच कारणावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. त्याच कलमात असंही आहे की तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास संपत नाही. म्हणजे सहा महिने मुलाकडे ठाण्याला गेलेल्या आजीचं नाव गावात राहू शकतं. वीस वर्षं डोंबिवलीत राहून गणपतीला दहा दिवस येणाऱ्याचं नाव डोंबिवलीतच हवं.

दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, कलम १७. एकाच मतदारसंघात दोनदाही नाही, कलम १८. अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे एकाच वर्गाच्या दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्हीकडची मतं बाद.

घरपट्टी हा कर आहे, त्याने मताचा हक्क येत नाही. पण तिने हात रिकामे राहतात असंही नाही. घरपट्टी भरणाऱ्याला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा आणि नमुना १० ची पावती मिळालीच पाहिजे. माहितीचा अधिकार तर भारताच्या कुठल्याही नागरिकाला आहे, त्याला गावचा मतदार असण्याची गरज नाही. ग्रामसभेत मतदार नसलेला माणूस अध्यक्षांच्या परवानगीने बसू-बोलू शकतो, मत देऊ शकत नाही.

ज्यांना निवृत्तीनंतर खरोखर गावी यायचं आहे त्यांच्यासाठी वाट सोपी आहे. मतदारयादीचा नमुना ८, वरचा घरपट्टीचा उतारा नव्हे. स्थलांतर, दुरुस्ती आणि नवं ओळखपत्र यांसाठी आता तो एकच अर्ज आहे. नव्या पत्त्याचा पुरावा जोडा, मुंबईतलं नाव त्याच प्रक्रियेत निघतं. गडबड तेव्हा होते जेव्हा गावी आल्यावर कोणी 'नवीन मतदार' म्हणून नमुना ६ भरतो. मग जुनं नाव मुंबईत तसंच राहतं आणि माणूस नकळत दोन याद्यांत जातो.

तांबडी_माती

पटलं. पण मग गावात उरलेली थोडी माणसं ठरवणार आणि बाहेरच्यांनी फक्त पैसे पाठवायचे, हे बोचतंच.

पाखाडी

बोचणं समजतं. पण उलट बाजू बघा. टाकीतलं पाणी मे महिन्यात कमी पडतं ते रोज भरणाऱ्या बाईला. शाळेचा वर्ग बंद होतो तो तिथल्या पोराचा. रोज परिणाम सोसणाऱ्याचा हात मोजला जावा हे मला योग्य वाटतं. वर्गणीदारांनी हिशेब मागावा, तो हक्काने मागावा, लेखी मागावा.

सुरंगी

यादीचा प्रश्न गणपूर्तीपुरता नाही, म्हणून लिहिते. दारूचं दुकान बंद करायची तरतूद घ्या, ज्याला सगळे 'आडवी बाटली' म्हणतात. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी लेखी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. दुकान बंद व्हायला ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. हे ५० टक्के झालेल्या मतदानाचे नाहीत, यादीतल्या एकूण नावांचे आहेत.

म्हणजे यादीत ६०० बायका आहेत. त्यांतल्या ९० मुंबई-पुण्यात, ३० वारलेल्या, २५ लग्न होऊन गेलेल्या मुली. हिशेब करा. ३०१ मतं हवीत आणि गावात प्रत्यक्ष बायका ४५५. तीनातल्या दोन बायकांनी घराबाहेर पडून एकाच बाजूला मत दिलं तरच जमतं. जी नावं गावात नाहीत ती सगळी आपोआप दुकानाच्या बाजूने पडतात. यादी साफ न करता सह्यांची मोहीम सुरू करणं ही यातली सर्वांत मोठी चूक.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी यादी घेऊन वाडीवार बसा. बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, सोबत बोलवा. प्रत्येक नावापुढे खूण करा: हयात, मयत, लग्नाने गेलेली, बाहेरगावी. सुनांची नावं माहेरच्या यादीत अडकलेली असतात, त्यांचे नमुना ८ भरून घ्या. हे काम दोन-तीन महिन्यांचं आहे. ते झालं की सह्या.

महिला सभेचंही इथेच लिहिते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती ग्रामसभेच्या आधी अर्धा तास, त्याच मांडवात, त्याच वहीत उरकली जाते. तिची सूचना वेगळी हवी, इतिवृत्त वेगळं हवं आणि तिचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवले गेले पाहिजेत. वेळही बायकांनी ठरवावी. पाणी भरायची, स्वयंपाकाची, काजू-बोंडं गोळा करायची वेळ सोडून. लावणीच्या दिवसांत दुपारी बारा वाजता सभा ठेवली की कोणी येत नाही, आणि मग 'महिलांचा प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं.

महिला सभेत एक विषय जरूर घ्या: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराला नवरा-बायको दोघांची नावं लावणं. अर्ज साधा आहे. एक मात्र समजून घ्या, हा नमुना ८ करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. जमीन कोणाची ते सातबारा सांगतो.

वहाळ

सुरंगीताईंनी मयत नावांचा विषय काढला, त्यात कोकणापुरता एक बारकावा आहे. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, २१ दिवसांच्या आत. गावचा माणूस मुंबईच्या इस्पितळात वारला की नोंद मुंबई महापालिकेत होते. गावच्या रजिस्टरला ती कधीच येत नाही, मग यादीतून नाव कसं निघणार? घरच्यांनी तिथल्या दाखल्याची प्रत घेऊन नाव वगळण्याचा नमुना ७ भरायला हवा. उत्तरकार्याला सगळे गावी जमतात, तेव्हाच हे उरकून घ्या.

नमुना ७ त्याच मतदारसंघातला कोणीही मतदार भरू शकतो, म्हणून जबाबदारीने भरा. राजकारणापोटी शेजारच्या वाडीची नावं सरसकट 'स्थलांतरित' म्हणून कापायला देणं हा गुन्हा होऊ शकतो, तेच कलम ३१. ज्याचं नाव स्थलांतरित म्हणून काढायचं त्याला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय ते काढता येत नाही. तरीही कापलं गेलं तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यावर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं.

आणि वेळ. ग्रामपंचायतीची वेगळी यादी कोणी बनवत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांत तोडतो. त्या प्रारूप यादीवर हरकती घेता येतात त्या एवढ्याच: नाव चुकीच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलं, किंवा लिहिण्यातली चूक. नवीन नाव त्या वेळी घालता येत नाही. निवडणूक लागल्यावर बीएलओला शोधत फिरणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

जांभा_चिरा

माहितीच्या अधिकारावर लिहितो. अर्ज फेटाळला जाण्याचं मुख्य कारण अर्ज लिहिण्यातच असतं.

महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. उत्तराची मुदत ३० दिवस. पानाला २ रुपये. ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचं स्टॅम्प. नंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, जोडपत्र 'क'.

चुकतं कुठे? 'रस्त्याचं काम निकृष्ट का झालं?' असं विचारलं जातं. 'का' ला उत्तर द्यायला हा कायदा बांधील नाही. कार्यालयात जो कागद आहे तोच मिळतो. म्हणून कागदाचं नाव लिहा. कामाचं नाव, वर्ष, आणि पुढे: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला. बस. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन पाखाडीवर, म्हणजे वाडीतल्या पायवाटेवर, जा आणि ताडून बघा. कागदावर जाडी १० सेंटीमीटर आणि कडेला उघडी पडलेली जाडी ६ असेल तर तेवढा फोटो पुरेसा बोलतो.

दुसरा मार्ग अभिलेख पाहणीचा. कलम २ (ञ) मध्ये कागद पाहणं, टिपणं काढणं, आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. पहिल्या तासाला फी नाही. पुष्कळ वेळा दोनशे पानांच्या झेरॉक्सपेक्षा एक तास नीट बसून नमुना ५ ची रोकडवही पाहणं जास्त कामाचं ठरतं. देयकाची तारीख आणि रोकडवहीतली तारीख जुळते का, एकाच कामाचं बिल दोन योजनांत पडलंय का, हे तिथेच दिसतं.

निधीबद्दल थोडं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या पैशांतले ६० टक्के बंधित होते, निम्मे पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की आराखडा आणि झालेली देयकं दिसतात, अर्ज करायचीही गरज नाही. ग्रामसभेच्या आदल्या रात्री ते पान उघडून ठेवा. पाण्याच्या पैशांतून प्रवेशद्वाराची कमान झाल्याचं दिसलं तर सभेत तो प्रश्न नेमका विचारता येतो.

वहाळ

पाखाडीवरून आठवलं. गावातल्या भांडणांत निम्मी भांडणं वाटेची. कोणीतरी रातोरात जांभ्याचा गडगा घालतो आणि मागच्या चार घरांची वाट बंद होते.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. वाट ग्रामपंचायतीच्या नमुना २३ ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत असेल तर ती सार्वजनिक. मग ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अडथळा काढायचा अधिकार पंचायतीला आहे, ग्रामसभेत तोच विषय लावा. नोंद नसेल, आणि वाट शेतात किंवा बागेत जाण्याची असेल, तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा. पाण्याचा वाहता वहाळ अडवला असेल तरी हेच कलम. मुदत अडथळा आल्यापासून सहा महिने. सहा महिने 'समजुतीने मिटेल' म्हणून थांबणारे इथे हरतात आणि मग दिवाणी न्यायालयात वर्षं जातात. समजूत जरूर काढा, पण पाचव्या महिन्यात अर्ज आत गेला पाहिजे. सोबत गटनंबर, सातबारा, हाताने काढलेला नकाशा, फोटो आणि वाट वापरणाऱ्या दोन-चार जणांचे जबाब.

आणि जबाबदारीची बाजू. बहुतेक पाखाड्या खासगी सातबाऱ्यातून जातात. जमीनमालकाने संमतीपत्र दिल्याशिवाय नमुना २३ ला नोंद होत नाही, आणि नोंद नसेल तर तिथे सरकारी पैसा टाकता येत नाही. 'आमच्या वाडीला काँक्रीट नाही' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच आगरातून जाणाऱ्या तीन फुटांचं संमतीपत्र दिलंय का ते बघावं.

सुरंगी

वाटेच्या भांडणातूनच पुढे माणसं वाळीत टाकली जातात. त्यावरही लिहा कोणीतरी.

वहाळ

लिहितो, हा कोकणाच्या जिव्हारी लागणारा विषय आहे. रायगड आणि रत्नागिरीतून अशा तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. पाणवठा, देऊळ, स्मशान, लग्नकार्य, मयत, दुकान, दळण यांपासून कोणाला तोडणं, तसं करायला इतरांना सांगणं, त्यासाठी बैठक घेणं, सगळं गुन्ह्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट नोंद घ्यायची.

अडतं पुराव्यावर. बहिष्कार कोणी कागदावर लिहून देत नाही. म्हणून तारखा टिपा. कोणत्या दिवशी पालखी घराकडे आली नाही, कोणी दूध बंद केलं, वर्गणी कोणी परत केली. वर्गणीची पावतीवही हा चांगला पुरावा असतो, दरवर्षी असलेलं नाव एका वर्षी गळालेलं दिसतं. मोबाईलवरच्या गटातून काढल्याचा पडद्यावरचा फोटोही ठेवा.

गावकी आणि ग्रामसभा यांत गल्लत करू नका. गावकीने पालखीचे मान ठरवावेत, उत्सवाचा खर्च वाटून घ्यावा, तिथवर ती मोलाची आहे. सार्वजनिक पाणी कोण भरणार हे ती ठरवू शकत नाही. याच कोकणात, महाडला, हा हक्क आधी कागदावर आला होता. मुंबई विधिमंडळाचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत जावं लागलं, आणि न्यायालयातला अंतिम निकाल मिळायला १९३७ उजाडलं. ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं असं होत नाही, ओंजळ भरायला माणूस जावा लागतो.

खाडीकाठ

किनाऱ्यावरच्या गावांसाठी जनसुनावणीचं लिहितो. बंदर, औष्णिक प्रकल्प, खाण, मोठा कारखाना आला की १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना लागते. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, पंचायत अशा ठिकाणी पाहायला ठेवायचा, आणि त्याचा सारांश मराठीत हवा. सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेले अधिकारी. पूर्ण चित्रीकरण सक्तीचं. गणपूर्तीची अट नाही, दहा माणसं आली तरी ती झाली असं धरतात.

तीन गैरसमज आहेत. पहिला: तिथे मतदान होतं. होत नाही. सुनावणी घेणारे अधिकारी मंजुरी देत नाहीत, नाकारत नाहीत, फक्त म्हणणं नोंदवतात. त्यामुळे 'आमचा विरोध आहे' हे हजार जणांनी म्हणण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे मांडले तर अहवालात दहा मुद्द्यांना उत्तर द्यावं लागतं. अहवालाचं पान क्रमांक सांगून बोला: 'पान अमुकवर लिहिलंय की खाडीत मासेमारी नगण्य आहे. आमच्या बंदरावर इतक्या होड्यांची नोंद आहे, ही यादी.' तिसई, कालवं, खुबे काढणाऱ्या बायका कुठल्याच होडीच्या नोंदीत नसतात. त्यांची वेगळी यादी करून द्या, नाहीतर कागदावर त्या नसतातच.

दुसरा: बोललं की झालं. लेखी निवेदन सुनावणीआधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या आणि पोच घ्या. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तोपर्यंत थांबा. तुमचा मुद्दा आला नसेल तर तिथेच सांगा, चित्रीकरण चालू असतं.

तिसरा, आणि हा महागात पडतो: सुनावणी उधळली की प्रकल्प थांबतो. अधिसूचनेत तरतूद आहे की स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही असा अहवाल गेला, तर सुनावणी वगळूनच पुढे जाता येतं. खुर्च्या फेकल्या की तेच कारण मिळतं. बहिष्कार घालायचा असेल तर लेखी हरकती तरी द्याच.

हेही पाहून ठेवा की आधीच पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना वेगळी सुनावणी लागत नाही. म्हणजे वसाहतीच्या सुनावणीलाच जायला हवं, कारखान्याच्या वेळी उशीर झालेला असतो.

तांबडी_माती

ग्रामसभेने ठराव करून 'प्रकल्प नको' म्हटलं तर तो बंधनकारक नाही का? पालघरकडे तसं ऐकलं होतं.

खाडीकाठ

पालघर आणि ठाण्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा, कायदा लागतो आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम. ग्रामसभेचं वजन तिथे जास्त आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गात पेसा नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ अ प्रमाणे भूसंपादनाआधी किंवा पाणवठा, गौण खनिज यांबाबत निर्णयाआधी ग्रामसभेचं मत घ्यायचं असतं, पण ते मत आहे, नकाराधिकार नाही. तरी ठराव करा. न्यायालयात किंवा हरित न्यायाधिकरणात गेल्यावर 'गावाने अमुक तारखेला, अमुक कारणांसाठी' हे दाखवायला तोच कागद लागतो. ठरावात कारणं, गटनंबर आणि हजर संख्या लिहा. 'तीव्र निषेध' या दोन शब्दांचा ठराव तिथे काही कामाचा नाही.

वनजमिनीचा विषय असेल तर २००६ चा वनहक्क कायदा मात्र सगळीकडे लागतो, रायगडातल्या कातकरी वाड्यांनाही. तिथल्या ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी आहे: निम्मे सदस्य, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. हा आकडा चुकला म्हणून दावे परत येतात.

सुरंगी

@पाखाडी, एक विचारायचं राहिलं. कॉलेजला असलेल्या मुलांची नावं कधी घालायची? गावात १८ पूर्ण झालेली बरीच आहेत.

पाखाडी

वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ पूर्ण असलं की पुरे. १७ पूर्ण झालेली मुलंही आगाऊ नमुना ६ भरू शकतात, नाव पुढच्या योग्य तिमाहीत चढतं. वयाचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र चालतं. शिकायला रत्नागिरी-कोल्हापूरला वसतिगृहात असलेली मुलं आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतात, फक्त दोन्हीकडे नको.

बीएलओचं नाव आणि नंबर तुमच्या यादीभागाच्या पहिल्या पानावर नाहीतर तहसील कार्यालयात मिळेल. अर्ज दिला की संदर्भ क्रमांक मागून घ्या आणि महिन्याभराने त्यावर स्थिती बघा. नाव चढलं की घर क्रमांक आणि वाडीचं नाव बरोबर आहे का ते पहा. घर क्रमांक शून्य पडलेली नावं प्रभाग पाडताना भलत्याच वाडीत जातात, आणि ती दुरुस्ती नमुना ८ नेच होते.

सुरंगी

ठीक. म्हणजे यंदा मे महिन्यात लग्नाला आलेल्या मुलींचे आणि नव्या सुनांचे नमुना ८, बारावी झालेल्यांचे नमुना ६, आणि मयतांचे नमुना ७ असे तीन गठ्ठे करून एकाच दिवशी बीएलओकडे देता येतील. महिला सभेच्या सूचनेत हा विषय पहिला टाकते.

जांभा_चिरा

तिन्ही गठ्ठ्यांना वरून एक यादी जोडा, अर्जांची संख्या लिहा आणि त्या यादीवरच पोच घ्या. सुट्या अर्जांतला एखादा गहाळ झाला तर कुठला ते कळत नाही.

सुरंगी

करते. वाडीवार वेगळी यादी करू म्हणजे शोधायलाही सोपं.